मैदान आधी की माणसे आधी?

आमच्या भागातील क्रीडेविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : "आपल्याकडे सोयी कुठे आहेत?" मंठाळला विचारा नाहीतर बसवकल्याणला, मराठीत विचारा वा कन्नडमध्ये, उत्तर हेच. ते खोटे नाही. पण ते पुरेसे आहे का, हा प्रश्न अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहिल्यापासून माझ्या मनात घर करून बसला आहे.

अमरावतीस माझी आत्या असते. सुटीत तिच्याकडे गेले असता हे मंडळ पाहण्याचा योग आला. व्यायामशाळा, आखाडा, मल्लखांब, पोहण्याचा तलाव, मैदाने, वसतिगृहे आणि अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेले शारीरिक शिक्षण महाविद्यालय! इतकेच काय, मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. हे वैभव पाहून मन हरखते आणि लगेच खट्टूही होते. आपल्याकडे हे कधी होणार?

परंतु या वैभवाचा इतिहास निराळेच सांगतो. अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा यातले काही नव्हते. मंडळाच्या नावातील 'प्रसारक' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण कमवायचे ते दुसऱ्यास शिकवण्यासाठी, हा त्याचा अर्थ. हुतात्मा राजगुरू यांनीही येथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीस गेले आणि तेथे त्याने हुतूतू, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. या खेळांना लागते काय? एक लाकडी खांब, मऊ माती आणि चार रेषा! तोच हुतूतू पुढे कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत आला आणि भारताने सुवर्णपदक मिळवले. माणसे आधी जमली, इमारती मागून आल्या.

म्हणून सोयी नकोत, असे मात्र कोणी समजू नये. शाळेत माझ्याबरोबर आठशे मीटर धावणारी एक मैत्रीण होती. मंठाळच्या रस्त्यावर ती पहाटे सराव करी. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत, आणि त्यांच्याहून जड लोकांच्या नजरा. वर्षभरात घरच्यांनी तिचे धावणे बंद केले. तिला रबरी धावपट्टी नको होती. तिला हवी होती एक राखलेली जागा आणि सोबत धावणाऱ्या चारजणी.

ती जागा आपल्या महाविद्यालयापाशी आहे. आज तिच्या एका कडेला वाळूचा ढीग आणि दुसऱ्या कडेला मोटारसायकली असतात, एवढेच. दोनशे मीटरच्या धावपट्टीचा हिशेब मी करून पाहिला. ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना १५.७२ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे, ही झाली आतली रेषा. पहिल्या पट्टीतले अंतर या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणजे बरोबर दोनशे भरतात. १.२२ मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या आखल्या, तरी सारे मिळून सुमारे ८९ मीटर लांब व ३९ मीटर रुंद जागा पुरते. साहित्य म्हणाल तर मोजपट्टी, सुतळी, मेखा आणि चुना.

गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे, की वाळू आणि वाहने तेवढी हलवावीत, सकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवावा आणि त्या वेळी एखाद्या बाईंनी मैदानावर उभे राहावे. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्ही मराठी विभागाचे असा वा कन्नड विभागाचे, येत्या रविवारी सुतळी धरायला या. अमरावती उभी राहायला शंभर वर्षे लागली. आपल्या चुन्याच्या रेषेला एक सकाळ पुरेल.