शीग

माळा रिकामा करायला निमित्त झालं आगीचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून ज्वाळा दिसत होत्या. तेव्हापासून थोरल्या भावानं एकच धोशा लावला होता : जुनं लाकूड, चिंध्या, पोती, सगळं खाली काढा. काढायला दिवाळी उजाडली. धुण्याभांड्याच्या मावशी मदतीला आल्या होत्या. त्यांनी माळ्यावरून एक तरट खाली टाकलं, झटकलं आणि मला ठसकाच लागला.

ताग, उंदराची लेंडी, जुना जोंधळा आणि या सगळ्यामागं खताचा नाकात झोंबणारा दर्प. तरट कसलं, खताची दोन पोती उसवून दाभणानं जोडलेली होती. आजीची सुतळी अजून घट्ट होती. एका कोपऱ्यात पुसट झालेला छाप दिसला. शिंगं आणि वशिंड तेवढं शाबूत. बैल छाप. म्हणजे संघ.

कोल्हापुरात पूर्वी ‘संघात जाऊन येतो’ म्हटलं की ‘कुठल्या?’ असं कुणी विचारत नसे. शेतकरी सहकारी संघ. आजोबा मिरजकर तिकटीवरून खासबागेच्या अंगानं चालत भवानी मंडपात जायचे. डोक्याला पटका, काखेत घडी घातलेलं रिकामं पोतं. अंबाबाईचं दर्शन आणि संघ ही एकाच फेरीतली दोन कामं होती. आधी कुठलं, ते त्या दिवशी खिशात किती आहे त्यावर ठरायचं.

तरटाच्या घडीतून लोखंडी मापटं घरंगळलं. काठ गंजलेला, बुडाला पोचा. मला जे आठवत होतं ते याच मापट्याचं.

सोप्यात जोंधळ्याची रास. आजोबा मांडी घालून बसलेले. पहिलं माप उचलताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... प्रत्येक पायलीला एक चिंचोका बाजूला ठेवायचा, हे माझं काम. आणि दर मापट्याला त्यांचा उजवा तळवा काठावरून सर्रकन फिरायचा. वरचे दाणे खाली सांडायचे, माप सपाट व्हायचं. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून कधी हललाच नाही. सचोटी म्हटलं की मला अजूनही तोच दिसतो.

भरलेल्या मापावर दाणे आपोआप जो उंचवटा धरतात, ती शीग. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. शाळेतल्या पाढ्यांआधी मला हे येत होतं. म्हणजे एका मणात 128 मापटी. घेणाऱ्यानं शीग धरून घेतलं आणि देताना सपाट दिलं, तर 128 शिगा त्याच्या. त्यासाठी खोटं माप बाळगावं लागत नाही. खऱ्या मापानंच लुबाडता येतं.

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात आजोबांनी मला एकदाच नेलं. एका दुकानाच्या पायरीवर पोतं सोडलं. मालकानं आत हात घातला, मूठभर जोंधळा काढला, एक दाणा दाताखाली फोडला आणि बाकीची मूठ आपल्या ढिगावर टाकली. वानगी म्हणायची तिला. भाव जमला नाही. पुढच्या दुकानात पुन्हा मूठ. चार दुकानं, चार मुठी. पहिल्या दुकानात शेवटी माल दिला तेव्हा पाचवी. त्या माणसाच्या बोटात खड्याची अंगठी होती, दाणे तिच्यात अडकले तेही त्यानं झटकून आपल्याच ढिगावर पाडले. दुकान आता नाही, मालकही नाही. माझा राग मात्र ताजा आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

हा राग एकट्या माझा नव्हता, हे पुढं वाचताना कळलं. इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गावी 1844 साली 28 जणांनी मिळून एक दुकान उघडलं. विकायला काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. भेसळ करायची नाही आणि वजन पुरं द्यायचं, एवढ्यावर ते चाललं आणि जगभरची सहकारी चळवळ त्याला आपलं मूळ मानू लागली. आपल्याकडं वऱ्हाडात 1897 साली कापसाच्या आणि धान्याच्या बाजारासाठी कायदा झाला. त्यात कापूस पुढं होता, कारण गिरण्यांना स्वच्छ कापूस हवा होता. जोंधळ्याच्या मुठीची कुणाला घाई होती?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाला बाजार दिला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा स्वस्त धान्याची दुकानं उघडली. पण राजा दुकान उघडतो ते संकटापुरतं. एरवीचे दिवस शेतकरी आणि अडत्या यांच्यातच जायचे. 1939 साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. कोल्हापूर संस्थान, त्यामुळं तो इथं लागू नव्हता. त्याच 1939 साली इथं तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकारानं शेतकरी सहकारी संघ उभा राहिला. शेतकऱ्याचा माल शेतकऱ्यांच्याच संस्थेनं विकायचा आणि त्याला लागणारा मालही तिनंच आणायचा. पुढं खत आलं, बियाणं आलं, औषधं आली, किराणा आला, तालुक्याच्या गावांतून शाखा झाल्या. 1954 साली गोरवाला समितीनं देशभरची पाहणी मांडली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. बाकी बहुतेक सावकार. अशा काळात बैलाचं चित्र खेडोपाडी ओळखीचं झालं होतं, ही गोष्ट साधी नव्हे.

आजोबांना यातलं काही सांगता आलं नसतं. ते पावत्या दाखवायचे. अक्षरओळख नव्हती, पण संघाची प्रत्येक पावती तारेत खोचलेली. पाहुणा आला की चहाच्या आधी तार खाली. ‘‘वजन बघ. वाच की मोठ्यानं,’’ म्हणून मला पुढं करायचे. मी आकडा वाचला की मान हलवायचे, जणू आपणच पास झालो. काट्यावर उभं राहून आकडा आपल्या डोळ्यांनी बघायला मिळतो, एवढाच त्यांचा सहकार होता.

संघाला नंतर पडता काळ आला. 2023 च्या नवरात्राआधी भवानी मंडपातली इमारत भाविकांच्या सोयीसाठी ताब्यात घ्यायचा आदेश निघाला, सभासदांनी आंदोलन केलं, प्रकरण न्यायालयात गेलं. मी तेव्हा त्या बाजूनं जाताना उगाचच पदर सावरला होता, घरचं कुणी आजारी असल्यासारखा.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मापटं हातात होतं, आणि त्या सोप्यातल्या आठवणीत आजोबा नक्की कुणाला मोजून देत होते, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं.

बाजाराला माल जायचा तो पोत्यानं. मापट्यानं मोजायचे ते मळणीची मजुरी. समोर शेतावरची एक म्हातारी पदर पसरून बसायची. आम्ही तिला काकू म्हणायचो. सर्रकन फिरणारा तो हात तिच्या वाट्याची शीग पाडत होता. तिच्याकडं जमीन नव्हती, म्हणून शेअर नव्हता, म्हणून पावती नव्हती. आजोबा लबाड नव्हते. मजुरी ठरली होती सपाट मापानं, आणि ते चोख सपाट मोजत होते. आजी मग आतून यायची, काही न बोलता ओंजळभर जोंधळा काकूच्या पदरात टाकायची आणि आजोबा भिंतीकडं बघायचे.

‘‘ताई, हे पोतं टाकायचं व्हय?’’ मावशींनी विचारलं.

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं. गावाकडून नवा तांदूळ आला होता. दिवाळीला त्यांना देणारच होते. मापटं धुतलं, पुसलं, त्यांच्या पिशवीत भरायला घेतलं. लाभ, दोन... तिसऱ्या मापट्याला लक्षात आलं, माझा तळवा काठावरून फिरतोय. कुणी शिकवला नव्हता. मग लाजून वर दोन मुठी टाकल्या, आजीसारख्या.

मावशी म्हणाल्या, ‘‘पुरे की.’’

पण हात आधी फिरला होता.