कमी खर्चात लंडन : बाबासाहेबांच्या वाटेने

लंडन म्हटले की राजवाडा आणि महागाई आठवते. पण लेकाकडे, नातलगांकडे तिकडे जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींनी एक दिवस परमपूज्य बाबासाहेबांच्या वाटेने जरूर फिरावे. खर्च फारसा येत नाही. लाल बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. मात्र एकदा भाडे भरले की तासाभरात कितीही बस बदलता येतात.

सकाळी चॉक फार्म स्टेशनवर उतरून पायी किंग हेन्रीज रोड गाठावा. तेथील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. स्मारकाची वेळ आधी विचारून जावे. नंतर जवळच्या प्रिमरोज हिल टेकडीवर घरचा डबा खावा. तेथून सारे शहर दिसते.

दुपारी ब्रिटिश म्युझियम. प्रवेश मोफत. आंध्रातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे येथे आहेत. त्या काळी येथेच असलेल्या ग्रंथालयात बाबासाहेब पोटाला चिमटा घेऊन दिवसभर वाचत बसत.

पुढे पायीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये बाबासाहेबांना डी.एस्सी. मिळाली, ती येथेच.

नदीकाठच्या उंच पाळण्याचे तिकीट महाग आहे. ते परवडले नाही तरी खंत नको. मुलांना मात्र ही वाट दाखवा. अर्धपोटी राहूनही माणूस केवढे शिकू शकतो, हे त्यांना तेथे उमगेल.

जय भीम!