जोडीचे शब्द

लोणावळ्याच्या पावसात भर दुपारी वर्गात दिवे लावावे लागत. नववीत असताना अशाच एका दुपारी इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहून ती जोडावयास सांगितली. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट टू स्कूल.’ सरांनी ‘बट’वर रेघ ओढली. मला ते पटेना. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच. मग ‘ऑल्दो’ने एकटे का राहावे?

सर म्हणाले, “प्रत्येक भाषेच्या जोड्या निराळ्या. ‘आयदर’ला ‘ऑर’ हवा, ‘नायदर’ला ‘नॉर’, ‘बोथ’ला ‘अँड’. ‘ऑल्दो’ला मात्र ‘बट’ चालत नाही.” मग आम्हा मावळच्या मुलांना त्यांनी विचारले, “चिखलणीला एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस रेडा जुंपाल का?” वर्ग हसला, पण नियम कायमचा कळला. ‘नॉट ओन्ली’पुढे नाम आले, तर ‘बट ऑल्सो’पुढेही नामच हवे, क्रियापद आले, तर क्रियापदच. ‘बोथ कार्ला अँड भाजे आर इन मावळ’ हे माझे पहिले निर्दोष वाक्य.

‘नायदर–नॉर’ मात्र मला सायंवंदनेनंतरच्या धम्मप्रवचनात उमगले. तथागतांचा मध्यम मार्ग म्हणजे ना भोगविलास, ना देहदंड. ‘ना–ना’ आले की मराठीत वेगळा ‘नाही’ लागत नाही. इंग्रजीतही ‘नायदर–नॉर’बरोबर ‘नॉट’ लागत नाही.

त्याच वर्षी दिवाळीत घरी गेलो, तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. काका म्हणाले, “आता एक तर शाळा, नाही तर घर.” आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शाळाही होईल आणि घरही.” अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईने ‘आयदर–ऑर’चे ‘बोथ–अँड’ केले. त्या जोडीतील दुसऱ्या शब्दाचा भार पुढे कित्येक वर्षे, लोकांच्या खाचरांत भातलावणी करीत, तिनेच वाहिला. मी सुट्टी संपताच वसतिगृहात परतलो.

आज मीही इंग्रजी शिकवतो. मुले अजूनही ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहितात. मी लगेच रेघ ओढत नाही. आधी विचारतो, “हा ‘बट’ कुठून आला?” तो आईच्या ‘जरी–तरी’तून आलेला असतो. चूक सुधारावी, परंतु ती जिथून आली, त्या भाषेची मुलाला लाज वाटू देऊ नये. या शाळेने मला व्याकरणही दिले आणि ही दृष्टीही दिली.

नमो बुद्धाय! जय भीम!