न्हाणीच्या पाण्यावरची बाग

निशिगंधाचा वास माझ्यापर्यंत कधी एकटा आलाच नाही. त्याला धरून लाल साबणाचा वास यायचा, दिवसभर तापलेल्या काळ्या मातीवर पाणी पडल्यावर उठणारा कोंदट-गोड वास यायचा, आणि या साऱ्यांच्या मागे कुठेतरी चुलीतली विझत आलेली राख असायची. लातूरच्या आमच्या परसात दिवेलागणीला हे वास एकमेकांत असे मुरत, की आजही एखाद्या लग्नमंडपात निशिगंधाच्या माळा लागलेल्या दिसल्या तर मला काहीतरी उणं वाटतं. साबण उणा असतो.

आजीची बाग न्हाणीच्या पाण्यावर जगायची. झाडांना नळाचं पाणी घालण्याची चैन आमच्याकडे कुणाच्या मनातही यायची नाही. मांजरा धरणात किती साठा उरलाय, हा आमच्या घरात जेवतानाचा विषय. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष गेलं. पण घराघरांतल्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून तांब्या-तांब्याचा हिशेब मनात ठेवून वावरत होत्या. त्या हिशेबातून जे उरे, त्यात आजी रंग बसवायची.

न्हाणीच्या तोंडाशी कर्दळ, लाल आणि पिवळी. तिला साबणाचं वावडं नाही आणि तहान मोठी. तिच्या पुढे, उताराला, गुलबक्षी. तिचं काळं, मिऱ्यासारखं बी एकदा पडलं की पुन्हा पेरायची गरज नाही. चार वाजले की ती आपली उमलणार, आणि एकाच झाडावर एक फूल गुलाबी, एक पिवळं, एक दोन्ही रंगांचे शिंतोडे घेऊन. अगदी कोरड्या कडेला पावसाळी लिली. उन्हाळाभर तिथे काही आहे याची शंकाही येऊ नये, आणि मृगाच्या सरीनंतर दोन-चार दिवसांत कड गुलाबी होऊन जावी! निशिगंधाला मात्र आजीने वेगळी, उंच जागा दिली होती, वाळू आणि शेणखत मिसळून. काळ्या रानात पाणी तुंबलं की त्याचे कांदे सडतात.

पानं वाळली की आजी ते कांदे खुरप्याने अलगद उकरायची, माती झटकायची, मधल्या मोठ्या कांद्याला बिलगलेली पिल्लं अंगठ्याने सुटी करायची. एकदा फुलून गेलेला कांदा पुन्हा फुलत नाही. पुढचा बहर त्या पिल्लांचा. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक यायचीच, "काकू, दोन कांदे ठेवा बरं का माझ्यासाठी." आजी चार ठेवायची. तिकडून बदल्यात शेवंतीची मुनवी यायची.

निळा रंग तेवढा राहिला होता. माजघरातल्या जुन्या कॅलेंडरवर निळ्या आयरिसचं चित्र होतं. ते व्हॅन गॉगचं, 1889 साली फ्रान्समधल्या एका मनोरुग्णालयाच्या बागेत रंगवलेलं, हे मला फार पुढे कळलं. आजीला नाव-गाव कशाशी देणंघेणं नव्हतं. तिला ती निळाई हवी होती. काश्मीरच्या थंडीत रमणारं ते फूल आमच्या वैशाखात कसलं तगतंय! मग नांदेडहून मावशी आली तेव्हा तिने पदराच्या गाठीतून गोकर्णाच्या शेंगा आणल्या, गोदाकाठच्या कुणाच्या तरी कुंपणावरून तोडलेल्या. पावसाळा सरता सरता पांढऱ्या निशिगंधामागे निळी वेल उभी राहिली. त्या दोन रंगांपुढे आजी संध्याकाळी नुसती बसून राहायची. काही बोलायची नाही. मीही नाही.

या साऱ्या बागेला पैसा असा लागलाच नव्हता. लागलं ते बघणं : कुणाला किती तहान, कोण कुणामागे शोभतं, कोण कधी झोपतं आणि कोण कधी जागं होतं.

तुम्हीही परसात किंवा गच्चीवर काही लावायचं म्हणत असाल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी घरातलं वापरलेलं पाणी कुठून कुठे जातं, ते एकदा नीट पाहा. आणि शेजारी कुणी निशिगंधाचे कांदे उकरताना दिसलं, तर भीड बाळगू नका. मागा. लावणारा माणूस नाही म्हणत नाही.