दुसरा शेवट

पाश्चात्त्य संगीतातले मला काही कळते, असा कुणाचा गैरसमज नको. सुरांच्या बाबतीत मी अडाणीच. पण गेल्या पावसाळ्यात मुलाने मोबाईलवर बेथोव्हनची एक रचना ऐकवली, तिची हकीकत सांगितली, आणि माझी झोप उडाली.

दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. अखेरच्या वर्षांत हा माणूस बहुतेक या चार वाद्यांसाठीच लिहीत होता. कान पार गेलेले. ऐकायचे ते मनातल्या मनात. अशाच एका रचनेच्या शेवटी त्याने एक अचाट प्रकरण जोडले. ग्रोसे फ्यूग, म्हणजे मोठी फ्यूग. एकाने धून उचलायची, बाकीच्यांनी मागोमाग तिच्यावर तुटून पडायचे, आणि हे चांगले पाव तास! भांडणाऱ्या जावा परवडल्या.

२१ मार्च १८२६ रोजी व्हिएन्नात ही रचना वाजली. मधले दोन छोटे भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावले. शेवट मात्र पचनी पडला नाही. प्रकाशक आर्टारिया याने सुचवले, हा भाग निराळा छापू, तुम्ही दुसरा शेवट द्या. पैसेही निराळे.

आणि तो कबूल झाला! उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस! त्याच शरद ऋतूत, खेड्यात भावाच्या घरी राहून, त्याने हलकाफुलका, खेळकर शेवट लिहिला. त्याच्या हातून पुरा झालेला तो अखेरचा भाग. २६ मार्च १८२७ रोजी तो गेला.

माझ्या एका कादंबरीतली नायिका शेवटी घर सोडून जात होती. प्रकाशक म्हणाले, "गुरुजी, बाईला परत आणा." मी आणली. तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून, आठ दिवसांत. पुस्तक खपले. घरावर नवे पत्रे चढले. वाचकांची पत्रेही आली. एका बाईंनी लिहिले होते, "तुमचे पुस्तक वाचून मी सासरी परत आले." पुढे एक अक्षर नाही. पत्ताही नाही.

हल्ली पुष्कळ वादक त्या रचनेच्या शेवटी जुनी फ्यूगच वाजवतात म्हणे.

परवा ट्रंक उपसून मूळ प्रकरण काढले. ही म्हणाली, "वाचा की मोठ्याने." वाचू लागलो, तो चौथे पान कसरीने पार खाल्लेले. नेमके तेच, ती उंबऱ्याशी उभी असतानाचे. ते आता नव्याने लिहायला घेतले आहे.