पॉझिटिव्ह म्हणजे वाईट का?

‘हर-टू पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हाती पडला की घरचे लोक हबकतात. ‘डॉक्टर, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट ना?’ पॅथॉलॉजिस्ट म्हणून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. एके काळी त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज तेवढंच सांगणं अर्धसत्य ठरेल.

१९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या होत्या. अशा बायकांचा आजार लवकर उलटत होता, आयुष्य कमी भरत होतं. पण हे कळूनही हाती काही नव्हतं. पुढे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००५ च्या चाचण्यांत तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. धोक्याची खूण होती, तीच औषध कुठे लागू पडेल हे सांगू लागली.

म्हणून ती वाचताना हयगय चालत नाही. हर-टूच्या स्टेनमध्ये पेशीभोवती गडद तपकिरी रेघ पूर्ण फिरलेली, कुंपणाच्या जाळीसारखी, आणि अशा पेशी दहा टक्क्यांहून जास्त, तर ३+. रेघ पूर्ण पण फिकी असेल तर २+. तिथे मी निकाल देत नाही, ‘फिश’ तपासणी करून घेते. तीत काळोखात ठिपके मोजायचे: लाल हर-टूचे, हिरवे सतराव्या गुणसूत्राचे. पेशीमागे लाल सरासरी किमान चार आणि हिरव्यांच्या निदान दुप्पट, तर पॉझिटिव्ह. अर्थात हे सगळं भरवशाचं, ते गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये पडली असेल तरच. अख्खी गाठ न कापता डबीत टाकली, तर फॉर्मेलिन आतवर पोचत नाही आणि महागडा स्टेनही फसवतो.

उलट ‘ट्रिपल निगेटिव्ह’ वाचून काहींना हायसं वाटतं. खरं तर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, वाढलेलं हर-टू यांपैकी एकही नसणारी ही गाठ जास्त आक्रमक. तिच्यात मी लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, शोधते. त्या जितक्या दाट शिरलेल्या, तितकी आशा जास्त. ऑपरेशनआधीच्या केमोने गाठ पुरती विरली, तर पुढचं चित्र बरंच चांगलं. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष निघाला, तर काही रुग्णांना ओलापरिब देता येतं. शिवाय बहिणी-मुलींचीही तपासणी करता येते.

२०२२ मध्ये आणखी एक उलथापालथ झाली. १+, म्हणजे २+ हूनही पुसट रेघ असलेल्या, गाठींना आम्ही सरसकट निगेटिव्ह म्हणत आलो होतो. शरीरात पसरलेल्या अशाच आजारावर ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन हे नवं औषध चाललं आणि जुन्या स्लाइड पुन्हा वाचाव्या लागल्या. म्हणून एवढंच सांगते: रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक कुठे ठेवलाय तेही विचारून ठेवा. नवं औषध आलं, तर तपासणीला तोच लागेल.