‘काही होत नाही’ असे मी आता म्हणत नाही

शेतीखात्यात नोकरी करून मला तीस वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात शेतकरी बंधूंनी मला एकच प्रश्न नाना प्रसंगी विचारला आहे. ‘साहेब, याने काही होणार तर नाही ना?’ बियाण्याला औषध चोळताना हाच प्रश्न, फवारणीच्या वेळी हाच आणि गोठ्यातल्या जनावराला लस टोचतानाही हाच. घरच्या तान्ह्या लेकराला लस द्यायची वेळ आली की आयाबाया हेच विचारतात. आम्हा सरकारी माणसांचे उत्तर ठरलेले असते. ‘काही होत नाही हो!’ हे उत्तर मी आता सोडून दिले आहे. ते का सोडले, ते आज सांगतो.

गोष्ट १९९७ सालची आहे. मी मराठवाड्यात एका आडगावी नोकरीला होतो. थोरली मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा तिला त्रिगुणी लसीचा पहिला डोस दिला. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांवरची ही लस. टोचून घरी आलो तोवर पोर हसतखेळत होती. दिवेलागणीला मात्र अंग तापले. मांडी लाल होऊन सुजली. रात्री पोरीने असा काही टाहो फोडला की आळी जागी झाली. आमच्या सौभाग्यवती तिला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत अंगणात फिरत होत्या. आई तर माझ्यावर संतापलीच. ‘धडधाकट लेकरू दवाखान्यात नेलंस आन् दुखणं घेऊन आलास. हेच शिकलास का एवढं शिकून?’

मी बी. एस्सी. झालेला. लस म्हणजे काय, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण त्या रात्री माझीही छाती धडधडत होती. दोन दिवसांत ताप उतरला, सूज गेली, पोर पुन्हा हसू लागली. महिन्याभराने दुसऱ्या डोसाची तारीख आली. आई म्हणाली, ‘आता न्हेऊ नकोस.’ मी म्हणालो, ‘बरं, पुढच्या महिन्यात पाहू.’ तो पुढचा महिना काही उजाडला नाही. खरे सांगायचे तर मी आईच्या आड लपलो. निर्णय माझाच होता.

मुलगी पाच महिन्यांची असताना शेजारच्या थोरल्या पोराला खोकला झाला. पंधरा दिवसांत आमच्या घरी तो आला. आधी साधे पडसे वाटले. मग खोकल्याची उबळ येऊ लागली. एकामागून एक ठसके, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. तोंड लाल, मग काळेनिळे आणि शेवटी उलटी. प्यायलेले सगळे दूध बाहेर. डांग्या खोकल्याला शंभर दिवसांचा खोकला उगीच म्हणत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. घरी आल्यावरही दोन महिने रात्री कोणीतरी एक जण जागे राहत असे. पोर बचावली. तान्ही बाळे या रोगात दगावतात, हे दवाखान्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले.

एका रात्री उबळ ओसरल्यावर आई मुलीला पाठीवरून हात फिरवत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तापाची ती रात बरी होती रं.’ त्यानंतर आमच्या घरात लसीवरून वाद झाला नाही.

आता कोणी म्हणेल, पुढचे दोन डोस दिले असते तर खोकला झालाच नसता कशावरून? बरोबर आहे. लस घेतलेल्यालाही कधीकधी रोग होतो, पण तो बहुधा सौम्य असतो. तीन डोस पुरे झाले की संरक्षण चांगले मिळते, एका डोसाने थोडेच मिळते. म्हणजे आम्ही काय केले? तापाचा त्रास भोगला आणि संरक्षण मात्र अर्धवट सोडले. पेरणीचा खर्च करून उगवलेल्या पिकाला पाणीच न द्यावे, तसे ते झाले.

आमच्यासारखी चूक शहाण्या देशांनीही केली आहे. जपानमध्ये १९७४-७५ च्या सुमारास त्रिगुणी लसीनंतर दोन बालके दगावली. लोक घाबरले. सरकारने लस काही काळ थांबवली. आधी शंभरातली ऐंशीएक मुले लस घेत, ती १९७६ साली दहावर आली. १९७४ मध्ये साऱ्या जपानात डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते. १९७९ मध्ये तेच तेरा हजारांवर गेले आणि एकेचाळीस जण दगावले. पण जपानी लोकांनी आणखी एक काम केले. त्रास कमी देणारी नवी लस त्यांनी तयार केली आणि १९८१ पासून ती वापरात आणली. म्हणजे लोकांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. तक्रार ऐकून घेतली म्हणून लस सुधारली. मधल्या वर्षांत मुले उघडी पडली, ते मात्र वाईट झाले.

मंडळी, एवढा अनुभव गाठीशी असूनही २०२१ साली मी पुन्हा चुकलो. ती चूक मला अजून सलते.

करोनाचे दिवस होते. एप्रिल महिन्यात पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. गावच्या शाळेत शिबिर होते आणि लोक यावेत म्हणून आम्हीही घरोघर फिरत होतो. माझ्या ओळखीचे एक आप्पा आहेत. सत्तरीला आलेले, पण शेतात अजून राबणारे. त्यांच्या ओसरीवर बसून मी म्हणालो, ‘आप्पा, चला. काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं.’ आप्पा माझ्या शब्दाखातर उठले. रात्री त्यांना सणसणून ताप भरला. अंग असे ठणकले की दोन दिवस खाटेवरून उठता आले नाही. हळद काढणीला आलेले मजूर माघारी गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर आप्पा म्हणाले,

‘साहेब, सोयाबीनच्या पिशवीवरची उगवणशक्ती तुम्हीच वाचून दाखवता. सत्तर टक्के. शंभरातले तीस दाणे उगवणार नाहीत, असं सांगून पेरायला लावता. आम्ही ऐकतो. मग लसीचं का खरं नाही सांगितलं? दोन दिवस ताप येईल म्हणाला असता, तर मजूर पुढच्या आठवड्यात बोलावले असते.’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आप्पांचा राग एका दिवसाचा होता, तो गेला. पण त्यांचा ताप साऱ्या आळीने पाहिला होता. ‘साहेब म्हणतात काही होत नाही आणि आप्पा तर झोपले,’ असे म्हणून त्या आळीतली चार-पाच घरे शिबिराला आलीच नाहीत. त्यांत आप्पांचे धाकटे भाऊ होते. मे महिन्यात त्यांना करोना झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी प्राणवायूची खाट मिळाली, तरी ते परत आले नाहीत. लस घेतली असती तर ते वाचले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एक डोस आणि मधले थोडे दिवस, एवढ्यात किती संरक्षण मिळाले असते कोण जाणे. पण त्यांनी जे माप केले, त्या मापाच्या तागडीत माझे एक खोटे वजन पडले होते, हे खरे.

तेव्हापासून मी दोन्ही पारडी लोकांसमोर ठेवतो. एका पारड्यात लसीचा त्रास, दुसऱ्यात रोगाचा. अडचण एवढीच की, लसीचा त्रास डोळ्यांसमोर दिसतो. टळलेला रोग दिसत नाही. बांध घातल्यामुळे न वाहून गेलेली माती कोणी मोजत नाही, तसेच हे.

आणि हे माप एकदा केले म्हणजे जन्मभराचे झाले, असेही नाही. माझ्या दंडावर देवीच्या लसीचे वण आहेत, माझ्या मुलीच्या दंडावर ते नाहीत. देवीच्या लसीचा त्रास कधीकधी मोठा होई. पण देवी रोग घरेच्या घरे ओस पाडी, म्हणून लोक ती टोचून घेत. १९८० साली देवी जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रोगच उरला नाही, मग लसीचा त्रास कशासाठी सोसायचा? ती लस बंद झाली. पोलिओच्या थेंबांचेही तसेच. त्या थेंबांतल्या जिवंत विषाणूमुळे लाखो डोसांमागे एखाद्या बालकाला पांगळेपणा येऊ शकतो. पोलिओ गावोगाव होता तेव्हा तो धोका पत्करणे शहाणपणाचे होते. जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही. मग २०१५ पासून मेलेल्या विषाणूची सुईची लसही जोडीला आली आणि २०१६ मध्ये थेंबांतला एक प्रकार वगळला. करोनाच्या वेळीही तसेच झाले. एका प्रकारच्या लसीमुळे क्वचित कोणाच्या रक्तात गुठळ्या होतात, हे एप्रिल २०२१ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने मान्य केले. ब्रिटनने मग चाळिशीच्या आतील लोकांना दुसरी लस द्यायचे ठरवले. तरुणांना त्या रोगाचा धोका कमी, म्हणून त्यांचे पारडे निराळे. म्हाताऱ्यांना तीच लस चालू ठेवली. कीड नुकसानीच्या पातळीवर गेली तरच फवारा, असे आम्ही सांगतो ना? हिशेब तोच आहे.

२०२२ मध्ये जनावरांत लम्पीची साथ आली तेव्हा मी आप्पांचा धडा गिरवला. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना टोचायची होती. पशुवैद्यकीय डॉक्टरांबरोबर उभा राहून मी सांगत होतो, ‘टोचलेल्या जागी गाठ येईल. एखाद्या जनावराला ताप येईल. दोन-चार दिवस दूध कमी निघेल, तेवढे धरून चाला. गाय गाभण असेल किंवा आजारी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.’ आधी मला वाटले, हे ऐकून लोक दावी सोडून घरी जातील. तसे झाले नाही. लोकांनी प्रश्न विचारले आणि मग जनावरे पुढे आणली. नंतर दूध घटले तेव्हा कोणी भांडायला आले नाही. ‘साहेबांनी सांगितलंच होतं,’ एवढेच म्हणाले.

माताभगिनींसाठी चार गोष्टी सांगतो. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे, घाई करू नये. अंगावर पित्त उठून धाप लागणे, असा जिवावरचा त्रास दहा लाख डोसांत साधारण एखाद्यालाच होतो. पण झाला तर लगेच औषध हाताशी हवे. ताप आणि सूज दोन दिवस राहू शकते. तापाचे औषध किती द्यायचे, हे नर्सबाईंना विचारून मगच द्यावे. सुजेवर गार पाण्याची घडी ठेवावी, चोळू नये, हळद-चुना लावू नये. मूल तीन तासांहून अधिक सतत रडत असेल, आकडी आली, सुस्त पडले किंवा ताप उतरेना, तर तडक दवाखाना गाठावा आणि लस दिली होती हे सांगावे. मागच्या डोसाला मोठा त्रास झाला असेल तर पुढच्या डोसाआधी तो सांगावा. लपवू नये. काही मुलांना एखादी लस खरोखरच चालत नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. शेजारणीच्या सांगण्यावरून ठरवू नये, तसे आमच्यासारख्या साहेबांच्या ‘काही होत नाही’वरूनही ठरवू नये.

गेल्या वर्षी त्याच थोरल्या मुलीला मुलगी झाली. बाळंतपणाला ती आमच्याकडेच होती. दीड महिन्याने नातीला लस द्यायला मी बरोबर गेलो. आता त्रिगुणीच्या जागी पाच रोगांची लस असते. आदल्या रात्री मी मुलीला सांगितले, ‘उद्या रात्री ही तापेल, रडेल. मांडी सुजेल. आपण दोघे पाळीपाळीने जागू.’ ती म्हणाली, ‘बाबा, माझ्या वेळचं आजीने सांगितलंय मला.’

आणि झालेही तसेच. दहाच्या सुमारास नात तापली. बाराला मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात आलो. तिची आजी आतून घड्या भिजवून देत होती. पहाटे ताप उतरला. सकाळी मुलीने दिनदर्शिका घेतली आणि पुढच्या डोसाच्या तारखेला पेनने गोल केला. त्या तारखेला आम्ही गेलो.